काजळीचा पंचनामा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे आजोबा शाई घरीच करायचे. पनवेलच्या बाजारात शाईच्या बाटल्या मिळत नव्हत्या असं नाही. पण आजोबांना बाजारची शाई पातळ वाटायची. ओवे गावात आमचं जुनं घर होतं. समोर भातखाचरं आणि त्यामागे खारघरचा डोंगर. त्या घराच्या पडवीत एका कोनाड्यात रात्री तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा आणि त्याच्यावर मातीचं परळ उपडं धरून ठेवायचं. सकाळी परळाच्या पोटाला मखमलीसारखी काजळी धरलेली असे. ती कोंबडीच्या पिसाने अलगद खाली पाडायची, खलात घ्यायची आणि भिजवलेल्या डिंकाबरोबर घोटायची. एक दिवस नव्हे, चांगली आठवडाभर.

मी सहा-सात वर्षांचा असेन. मला एवढा दम कुठला? मी काजळी थेट पाण्याच्या वाटीत टाकली आणि काडीने ढवळली. काजळी पाण्यात जाईना. वरच तरंगत राहिली. बोट बुडवलं तर बोट काळं झालं, पाणी मात्र स्वच्छ. आजोबा हसले. म्हणाले, "तिचं नि पाण्याचं पटत नाही. मध्ये कुणीतरी लागतो." तो मधला म्हणजे डिंक.

पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता करू लागलो. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच तुटला होता. तो परत जुळवला माझ्या भाचीने. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आता पीएच.डी. करते आहे. दोन वर्षांपूर्वी ईदला घरी आली तेव्हा तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. शेजारी शेजारी दोन बाटल्या. एकीत काळा गाळ तळाशी बसलेला आणि वर नितळ पाणी. दुसरीत वरपासून खालपर्यंत एकसारखा काळाभोर द्रव. "मामू, ओळखा," ती म्हणाली. मी ओळखलं. दुसऱ्या बाटलीत शाई होती. ती म्हणाली, "शाईच म्हणा. फक्त काजळीऐवजी नळ्या आहेत."

या नळ्यांविषयी आज बोलायचं आहे. मी शास्त्रज्ञ नाही. भाचीने समजावलं, मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि जे डोक्यात शिरलं तेवढंच सांगतो.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक सांध्यावर तारेऐवजी कार्बनचा एकेक अणू आहे असं समजा. अशा जाळीचे थरावर थर म्हणजे पेन्सिलीतलं ग्रॅफाइट. आता त्यातला एकच थर घ्या आणि चटईसारखी त्याची सुरळी करा. कडा एकमेकींना बिनजोड मिळाल्या की झाली कार्बनची नळी. एकेरी भिंतीच्या नळीचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एकात एक अशा अनेक नळ्या बसल्या की बहुभिंती नळी होते. माझ्या भाचीकडे असतात त्या या.

1991 साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी या नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तशी 1952 सालीच दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अशा पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रं छापली होती. पण रशियन भाषेतला तो लेख फारसा कुणी वाचला नाही. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला याचं फार नवल वाटू नये!

आपल्याकडचं म्हणाल तर पवईच्या आयआयटीत महेश्वर शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली कापरापासून फुलरिन बनवल्याचं प्रसिद्ध केलं. फुलरिन म्हणजे त्याच षट्कोनांत पंचकोन मिसळून झालेला कार्बनचा चेंडू, नळीचा सख्खा भाऊ. आरतीला लावतो तो कापूर. तो जळताना किती काजळी धरतो हे घरोघरी ठाऊक आहे. पण त्या काजळीकडे कच्चा माल म्हणून पाहायला वेगळे डोळे लागतात. पुढे 2003 साली जपानमध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापराच्याच वाफेपासून शेतातल्या रोपांसारख्या एका दिशेने उभ्या वाढलेल्या कार्बन नळ्या मिळवल्या. आजोबांच्या परळात अशा नळ्या होत्या असा दावा मी करत नाही. दिव्याची काजळी म्हणजे मुख्यतः वेड्यावाकड्या कार्बनचे बारीक गोळे. पण नकळत नळ्या बनवणारे कारागीर होऊन गेले आहेत. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला. लोखंड गेलं आणि मागे जे राहिलं त्यात त्यांना कार्बनच्या नळ्या दिसल्या. हे 2006 साली प्रसिद्ध झालं. अशा तलवारींचं पोलाद जात होतं ते आपल्या दख्खनेतून आणि दक्षिणेतून. भट्टीत काय घडतं आहे हे लोहाराला कळायचा काही मार्गच नव्हता.

तर नळ्या तयार होतात. अडचण पुढे आहे. त्या कुणाशीच जमवून घेत नाहीत. एकमेकींना मात्र घट्ट बिलगतात, गठ्ठे करतात. पाण्यात घातलं तर तळाशी बसतात. अंगाने इतक्या गुळगुळीत की दुसरं काही धरायला जागाच नाही. म्हणून त्यांना कड्या बसवाव्या लागतात. कडी हा माझा शब्द. पाठ्यपुस्तकात त्याला क्रियात्मक गट म्हणतात. उदाहरणार्थ, कार्बॉक्सिल गट. व्हिनेगरला आंबटपणा देणारा तो हाच.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला आजोबांचा. नळीला न दुखावता तिच्याभोवती पाण्याशी पटणारं काहीतरी गुंडाळायचं. ही तुलना माझ्या पदरची आहे असं समजू नका. 2002 साली राजदीप बंदोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळ्या सुट्या करून पाण्यात टिकवून दाखवल्या. त्यासाठी त्यांनी काय वापरलं असेल? गम अरेबिक! बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक! हे काम इस्राएलमध्ये झालं. बंदोपाध्याय नंतर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. भाचीने हे सांगितलं तेव्हा मी तिला तो लेख छापून आणायला लावला. त्यातलं निम्मं समजलं नाही, पण डिंकाचं नाव वाचून आजोबांची आठवण आली.

या मार्गात एक खोट आहे. ती मला 26 जुलै 2005 च्या पावसाने शिकवली. त्या दिवशी आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं आणि आजोबांची ट्रंक भिजली. कागद वाळवायला काढले तर अक्षरं गेलेली. कागद शाबूत, मजकूर वाहून गेलेला. डिंक पाण्यात विरघळतो. त्याच्याबरोबर काजळीही निघाली. ट्रंकेच्या अगदी वरचे चार-पाच कागद तेवढे वाचले. गुंडाळलेलं ते सुटू शकतं.

दुसरा मार्ग जोडण्याचा. नळ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात तापवायच्या. आम्ल नळीची बंद टोकं उघडतं, भिंतीतले कच्चे सांधे तोडतं आणि तुटलेल्या जागी कार्बॉक्सिलची कडी थेट रासायनिक बंधाने बसते. याची किंमत असते. जाळीचा एक सांधा तुटला की तिथली वीज वाहण्याची सोय बिघडते, मजबुतीही उणावते. पण कडी बसली की तिला पुढे काय हवं ते अडकवता येतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत भालचंद्र काकडे, विजयमोहनन पिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाबतीत सुंदर काम केलं आहे. 2008 साली त्यांनी सल्फोनिक आम्लाच्या कड्या बसवलेल्या नळ्या इंधनघटाच्या पडद्यात मिसळल्या. पडदा अधिक मजबूत झाला आणि त्यातून प्रोटॉन अधिक सहज वाहू लागले. त्याच वर्षी त्यांचं आणखी एक काम आलं. नळ्यांचा कागद केला, त्यावर पाण्याचा थेंब ठेवला. अळूच्या पानावर राहतो तसा थेंब गोल राहिला. विजेचं क्षेत्र लावल्यावर तोच थेंब पसरून गेला. मला हे फार आवडलं. पण कवीला आवडणं आणि शास्त्रज्ञाने सिद्ध करणं यात अंतर आहे. त्याच अंतरात माझ्या भाचीची दोन वर्षं गेली.

तिचा विषय पाणी. आमच्या शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या बाजूने कासाडी नदी वाहते. या नदीच्या प्रदूषणाचं गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. आमच्या भागातल्या मुलीला पाण्यातलं शिसं काढावंसं वाटलं तर त्यात आश्चर्य नाही. आम्लात धुतलेल्या नळ्या पाण्यातलं शिसं धरतात हे 2002 साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. शिसं धरतात त्या मुख्यतः या कार्बॉक्सिलच्या कड्या. म्हणून प्रश्न एवढाच, की कड्या बसल्या का, किती बसल्या आणि कुठे?

डोळ्यांनी दिसत नाही. सूक्ष्मदर्शकात नळी दिसते, कडी दिसत नाही. मग साक्षीदार बोलवावे लागतात. भाची याला इंग्रजीत कॅरॅक्टरायझेशन म्हणते. मी पंचनामा म्हणतो.

पहिला साक्षीदार आपला, भारतीय. 1928 साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं, की पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर परतणाऱ्या प्रकाशातला थोडा अंश रंग बदलून येतो आणि त्या बदलात पदार्थाच्या अणूंची थरथर वाचता येते. कार्बनच्या नळीवर लेझर टाकला की आलेखात दोन शिखरं उठतात. एक 1580 च्या आसपास. ते धडधाकट षट्कोनी जाळीचं. दुसरं 1350 च्या आसपास, ते मोडतोडीचं. आम्लाने जाळी तोडून कड्या बसवल्या असतील तर दुसरं शिखर पहिल्याच्या मानाने उंचावायला हवं. नुसता डिंक गुंडाळला असेल तर ते जवळपास होतं तिथेच राहतं. म्हणजे गुंडाळलं की जोडलं, याची चाहूल रामनचा आलेख देतो. पण जोडलं ते काय, हे तो सांगत नाही.

ते सांगायला दुसरा साक्षीदार अवरक्त किरणांचा. कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाची खूण 1720 च्या जवळ दिसते. मात्र नळ्या इतक्या काळ्या, की किरणच गिळून टाकतात. म्हणून चिमटीतली चिमूट पोटॅशियम ब्रोमाइडच्या पांढऱ्या पुडीत मिसळून तिची पारदर्शक वडी दाबावी लागते. तरीही खूण पुसटच येते. हा साक्षीदार हळू आवाजात बोलणारा.

तिसरी साक्ष वजनकाट्याची. नायट्रोजनमध्ये नमुना हळूहळू तापवायचा आणि वजन पाहत राहायचं. आधी कड्या गळतात. नळी तग धरते. किती वजन घटलं त्यावरून किती कड्या होत्या याचा अंदाज. मग हवा सोडून नळ्याही जाळायच्या. शेवटी उरते ती राख. नळ्या वाढवायला वापरलेलं लोखंड नाहीतर कोबाल्ट. चौथी साक्ष क्ष-किरणांची. ते पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यांची ऊर्जा मोजून कुठला अणू कुणाशी बांधलेला आहे ते सांगतात. जाळीतला कार्बन 284.5 च्या आसपास, कार्बॉक्सिलमधला 289 च्या आसपास. हे यंत्र महाग. भाचीला त्यासाठी दुसऱ्या शहरात नमुना पाठवून महिनाभर वाट पाहावी लागली.

पाचवी साक्ष मला सर्वांत जवळची, कारण ती शाळेतल्या ब्युरेटने घेता येते. बोएम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही पद्धत. नमुना खायच्या सोड्याच्या द्रावणात ठेवायचा. खायचा सोडा सौम्य. तो फक्त कार्बॉक्सिलसारख्या ठसठशीत आम्लाशी भिडतो. दुसरा भाग कॉस्टिक सोड्यात. तो कमजोर आम्लांनाही सोडत नाही. कुठे किती सोडा खर्च झाला ते मोजायचं आणि वजाबाकी करायची.

भाचीचा नमुना या सगळ्यांतून गेला. अवरक्त म्हणाला, आहे. वजनकाटा म्हणाला, भरपूर आहे. क्ष-किरणांनी दुजोरा दिला. बोएमचा आकडा तर इतका चांगला, की तिने घरी फोन केला. शिसंही झकास धरलं. एका परिषदेसाठी तिने निबंधाचा गोषवारा पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला. फक्त रामनच्या आलेखात मोडतोडीचं शिखर उंचावलं होतं ते अगदी थोडं. पाचांत चार साक्षी बाजूने असल्यावर पाचव्याच्या कुरकुरीकडे कोण बघतो? यंत्र नीट लावलं नसेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

मग तिच्या वाचनात 2007 सालचे दोन लेख आले. एक ऑक्सफर्डच्या संशोधकांचा होता. त्यांचं म्हणणं असं, की आम्ल नळीला कड्या बसवतं हे खरं, पण त्याचबरोबर नळ्यांतला कच्चा कार्बन जाळून त्याचे आंबट तुकडे करतं. शेतातल्या कुजलेल्या पाल्यातून पाणी तपकिरी होतं ना, त्यातल्या आम्लांसारखेच हे तुकडे. ते नळीला बाहेरून चिकटून बसतात. पाण्याने कितीही धुतलं तरी निघत नाहीत. कॉस्टिक सोड्याने धुतलं की निघतात.

तिने सोडा घेतला. विरळ द्रावण केलं, नमुना त्यात ठेवला, गाळला. गाळणीखाली आलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पुन्हा धुतलं; पुन्हा चहा. नितळ पाणी येईपर्यंत ती धूत राहिली. मग वरच्या नळ्या सौम्य आम्लाने आणि पाण्याने धुऊन परत बोएमची परीक्षा केली. आकडा निम्म्याच्याही बराच खाली आला होता. शिसं धरण्याची ताकदही त्याच मानाने गेली. रामनचा आलेख मात्र होता तसाच राहिला.

त्या रात्री तिने मला फोन केला. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मामू, डिंकच निघाला."

साक्षीदार खोटं बोलले नव्हते. या पुडीत कार्बॉक्सिल आहे का, असं त्यांना विचारलं होतं. ते होतं. ते नळीला जोडलेलं आहे की नळीवर बसलेलं आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. हा भेद नुसता शब्दांचा नव्हे. असे तुकडे शिशाला धरून ठेवतात आणि पाणी जरा अल्कधर्मी झालं की शिशासकट सुटून गाळणीतून निसटतात. नदीचं पाणी स्वच्छ करायला निघालेल्याने त्यात आणखी एक घाण सोडायची, असा तो प्रकार झाला असता.

तिने गोषवारा मागे घेतला. शिष्यवृत्तीचे महिने संपत आले होते. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, धीर सुटत होता. मार्गदर्शकांनी मात्र एका शब्दाने दुखावलं नाही, हे सांगायला हवं.

आता तिचा क्रम बदलला आहे. आम्ल, मग सोडा, मग साक्षी. रामनच्या शिखरांचं गुणोत्तर आधी पाहायचं. नळ्यांवर आम्ल जास्त वेळ ठेवल्यावर ते शिखर वर येतं, सोड्यानंतरही वरच राहतं आणि बोएमचा आकडा लहान असला तरी टिकतो. पहिल्या आकड्यापुढे तो अगदीच किरकोळ दिसतो. हल्ली ती सोड्याचं पाणीही फेकत नाही. बाटलीत भरून त्यावर तारीख घालते. काम करताना मास्क आणि बंद कपाट चुकवत नाही. लांब, सरळ, ताठ नळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारख्या वागतात, असं 2008 साली दिसलं होतं. 2014 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट प्रकारच्या बहुभिंती नळ्यांना "कदाचित कर्करोगकारक" या गटात घातलं. म्हणून तिने नळ्यांची पुडी कधी घरी आणली नाही, फोटोच आणला.

गेल्या महिन्यात ती आली ती माझ्याकडे काही मागायला. ट्रंकेतून वाचलेल्या कागदांपैकी एक. आजोबांनी बोरूने लिहिलेला, कोपरा फाटलेला. रामनच्या यंत्राखाली ठेवायला हवा होता. लेझर अगदी मंद ठेवीन, कागद जळणार नाही, असं वचन दिलं तेव्हा मी तो दिला. चार दिवसांनी आलेख आला. दोन शिखरं, एक 1350 च्या जवळ, एक 1580 च्या. नळ्यांसारखी टोकदार नव्हेत. बसकी, रुंद, एकमेकांत मिसळलेली, आमच्या घरामागच्या डोंगरासारखी. काजळीची असतात तशी.

"आणि डिंक?" मी विचारलं.

"तो यात दिसत नाही, मामू. काजळीपुढे त्याचा आवाज लागत नाही. त्यासाठी थोडा तुकडा तापवून वजन करावं लागेल."

मी कागद परत मागून घेतला.